पंख्याखालची खुर्ची

काकांचा फोन आला तेव्हा त्यांची तक्रार एका वाक्याची होती. "बारा इंची सबवूफर घेतलाय, पण खरज म्हणून लागत नाही." मागून काकूंचा आवाज आला, "तिला हेही सांगा, की कपाटाचा आरसा फुटायचा तेवढा राहिलाय." आणि जरा थांबून, "खालच्या वहिनी दोनदा येऊन गेल्या."

एका डब्याबद्दल तीन तक्रारी. एकाला ऐकू येत नाही, दुसरीला सोसवत नाही आणि तिसरी तर त्या घरातच राहत नाही. मी आठवडाभर डबिंग स्टुडिओत असते आणि रविवारी ओळखीच्यांकडे जाऊन स्पीकर लावून देते. आवाजावरून घरातली दोन माणसं एकमेकांच्या उलट बोलत असली, तर बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फक्त ती वेगवेगळ्या जागी उभी असतात.

घर विले पार्ले पूर्वेला, पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या सात मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, तेव्हा त्याची खोली काकांच्या वाट्याला आली. तीस वर्षं जमवलेल्या रेकॉर्डी, जुना पण ठणठणीत स्टिरिओ ॲम्प्लिफायर, स्टँडवर दोन बुकशेल्फ स्पीकर आणि मुलाने दिवाळीला पाठवलेला हा सबवूफर, म्हणजे फक्त सगळ्यात खालचे सूर वाजवणारा स्पीकर. थोडक्यात सब. बंद पेटीचा, बावीस किलोचा. बसवायला दुकानातून मुलगा आला, समोरच्या भिंतीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून गेला. जाताना म्हणाला, "कोपऱ्यात बास जास्त येतो." त्यात खोटं काही नव्हतं. तो कुणाला जास्त येतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

रविवार होता, मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता आणि माझ्या पाठीवर मायक्रोफोनचा स्टँड होता. डोंबिवलीहून पार्ल्याला पोचेपर्यंत मला कुठल्याच आवाजात रस उरला नव्हता. काकूंनी आधी पोहे दिले, हे नमूद करते.

खोली १४ फूट लांब, १० फूट रुंद, सव्वानऊ फूट उंच. समोरच्या आखूड भिंतीला सरकत्या ॲल्युमिनियमची खिडकी. तिच्याखाली बुटकं कपाट, त्यावर रेकॉर्ड प्लेयर आणि ॲम्प, दोन्ही बाजूंना स्पीकर. मागच्या भिंतीला दार आणि आरसा लावलेलं लोखंडी कपाट. डाव्या लांब भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम, उजव्या भिंतीला पुस्तकं. काकांची आरामखुर्ची खोलीच्या बरोबर मध्यभागी, कारण पंखा तिथे आहे. आणि पंखा तिथे आहे, कारण स्लॅब ओतताना हूक मधोमध सोडतात. तो हूक कुठे सोडायचा हे ठरवणाऱ्या माणसाला खरज, डग्गा, पखवाज यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पण या प्रकरणातला पहिला आरोपी तोच.

पहिल्या भेटीत मी लगेच काही मोजत नाही, नुसती फिरते. काकांना डबल बास असलेली एक रेकॉर्ड लावायला सांगितली. खुर्चीत बसले तर मोजकेच सूर ढब्ब ढब्ब करत येत होते. त्याखालचे सूर वाजतायत की नाही याचीच शंका. उठून दाराशी गेले तर पोटात हलायला लागलं आणि आरसा कपाटावर थडथडला. चार पावलांचा फरक. काकू दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघ, मी काय सांगत होते." काका खुर्चीतून म्हणाले, "कसला आवाज? मला काही नाही." सबच्या पाठीवरचा गेनचा, म्हणजे सबचा आवाज कमी-जास्त करायचा नॉब, घड्याळात दोन वाजतात तिथे होता. दुकानाच्या मुलाने तो बारावर ठेवला होता. पुढचे दोन तास काकांचे.

म्हणजे चित्र असं: खोलीतली सगळ्यात शांत जागा काकांची आणि नॉबही काकांच्याच हातात. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते वाढवतात. त्यांच्या जागेवर वाढत नाही, बाकी सगळीकडे वाढतं.

कारण साधं आहे, पण ते डोळ्यांसमोर आणायला कपडे भिजवायचा लांबट टब घ्यावा. अर्धा भरून एका टोकाला हलका धक्का दिला, की पाणी या टोकाला चढतं, त्या टोकाला उतरतं. टोकांना पाणी वर-खाली होतं, पण बरोबर मध्यावर पातळी जागची हलत नाही. खोलीतल्या हवेचा दाब कमी कंप्रतेच्या आवाजाला असाच हेलकावतो. हेलकावा नेमका कुठल्या सुराला बसतो ते लांबीवर ठरतं. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर असतो. मुंबईच्या ३० अंशांत तो ३४९च्या आसपास जातो. त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. काकांची १४ फुटी लांबी म्हणजे ४.२७ मीटर, म्हणून पहिला हेलकावा ४१ हर्ट्झला. डबल बासची सर्वांत खालची तार, ४१.२ हर्ट्झची, नेमकी तिथेच येते. रुंदीचा पहिला हेलकावा ५७ला, उंचीचा ६२ला, आणि लांबी-रुंदी मिळून होणारा तिरका ७०ला. यांना खोलीचे मोड म्हणतात. खोलीच्या मध्यात लांबीचा पहिला मोड शून्य, रुंदीचा पहिला शून्य, तिरकाही शून्य. उरतो तो लांबीचा दुसरा मोड, ८२ हर्ट्झचा. त्याचा दाब टोकांना जास्त आणि मध्यातही जास्त. खुर्चीत येणारं ढब्ब ढब्ब ते हेच.

कागदावर एवढं मांडून झालं, मग मायक्रोफोन काढला. यूएसबीचा मोजणीचा माइक आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम होतं. माइक काकांच्या कानाच्या उंचीवर ठेवून १५ ते २०० हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा सूर वाजवला. ४१ला खड्डा, आजूबाजूपेक्षा १५ डेसिबलने खोल. ८२ला टेकाड. माइक मागच्या कोपऱ्यात कपाटाशी नेला तर त्याच ४१ला उलट टेकाड. काका आलेखाकडे बघत म्हणाले, "मग तो खड्डा भरून काढ की. ॲपमध्ये इक्वलायझर आहे."

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून इथे जरा थांबते. इक्वलायझर म्हणजे ठरावीक सूर तेवढे वाढवायची-घटवायची सोय. टेकाड त्याने खाली आणता येतं. असा खड्डा भरता येत नाही. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वीज लागते, १० डेसिबलला दहापट, १५ला जवळपास बत्तीसपट. एवढी ताकद त्या ॲम्पमध्ये नाही, आणि असती तरी मध्यातला शून्य शून्यच राहतो. टबाला कितीही जोरात धक्का द्या, टोकांचं पाणी बाहेर सांडेल, मध्य हलणार नाही. सांडतं ते खालच्या वहिनींच्या घरात.

दुसरा उपाय काकांनी आधीच विकत घेऊन ठेवला होता. लॅमिंग्टन रोडवर कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेले दोन इंची फोमचे चौकोन पलंगाखाली पडून होते. टाळी वाजवली की घुमणाऱ्या खोलीला ते उपयोगी आहेत. पण ४१ हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब. असा सच्छिद्र फोम नीट काम करायचा तर भिंतीपासून पाव लहरीइतका, म्हणजे सात फूट पुढे यायला हवा. म्हणजे अर्धी खोली. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलूच नये. त्यांनी बास अडत नाही, पाहुणे हसतात.

मग उरतात दोनच गोष्टी, सब कुठे आणि खुर्ची कुठे. मी आधी खुर्चीला हात घातला आणि काकांचा चेहरा पडला.

"पंखा?"

"पंख्यापासून दोन फूट मागे, काका. वारा लागेल."

"तू मे महिन्यात ये आणि मग सांग."

समोरच्या भिंतीपासून नऊ फूट, मागच्यापासून पाच. लांबीच्या साधारण ६४ टक्क्यांवर. तिथे ४१चा मोड शून्यातून बाहेर येतो आणि ८२चं टेकाड उतरतं. दोघांचा मध्य साधणारी जागा बहुतेक खोल्यांत भिंतीपासून एक तृतीयांश ते ३८ टक्क्यांच्या पट्ट्यात सापडते. हा काही मंत्र नाही, शोध सुरू करायची जागा आहे. रुंदीत मात्र खुर्ची मधोमधच ठेवली. डावा-उजवा स्पीकर सारख्या अंतरावर नसेल तर गायक एका बाजूला सरकून बसतो, आणि काकांना ते सबपेक्षाही सहन होत नाही.

आता सब. जुनी युक्ती अशी, की सब ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि ऐकणाऱ्याने, जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे रांगत जाऊन कान लावायचा. जिथे बास सगळ्यात सलग आणि स्वच्छ लागतो तिथे सब नेऊन ठेवायचा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी दोघांमधलं नातं तेच राहतं, त्यामुळे हे जमतं. वॉचमनदादांना बोलावून बावीस किलोचा डबा खुर्चीच्या जागी स्टुलावर चढवला. काकांचे गुडघे रांगू देत नाहीत, तेव्हा लादीवरून मी रांगले. काकू दारातून म्हणाल्या, "साउंड इंजिनिअर म्हणजे हे असतं होय!"

रांगताना तीन जागा बऱ्या वाटल्या. पहिली खुर्चीच्या डाव्या हाताला, भिंतीशी. तिथे तर फारच छान. जवळचा सब कमी गेनवर पुरतो, हा आणखी एक फायदा. मी जवळजवळ ठरवलंच होतं, तेवढ्यात भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेजाऱ्यांचा मुलगा, दहावीचं वर्ष. ती जागा बाद. दुसरी जागा मागच्या भिंतीशी, लोखंडी कपाट आहे तिथे. कपाट हलवायचं म्हणजे काकूंच्या लग्नापासूनच्या साड्या हलवायच्या. त्यावर चर्चा झाली नाही. तिसरी समोरच्या भिंतीचा मध्य, जिथे रेकॉर्ड प्लेयरचं बुटकं कपाट होतं.

ही तिसरी जागा मला आवडली, त्याचं कारण निव्वळ कानाचं नव्हतं. सब कोपऱ्यात असला की तो लांबीचा, रुंदीचा आणि तिरका, सगळेच मोड पुरते ढवळतो. रुंदीच्या मध्यावर असला की ५७ आणि ७०चे मोड तो ढवळूच शकत नाही, कारण तिथे त्यांचा शून्य आहे. आता गंमत अशी, की काकांची खुर्चीही रुंदीच्या मध्यावरच. म्हणजे कोपऱ्यातला सब ५७ आणि ७०ला जो काही धिंगाणा घालत होता त्यातलं काकांच्या कानात काहीच येत नव्हतं. ते सगळं दारात, आरशात आणि खाली जात होतं. कोपऱ्यातून मध्यावर आणल्याने काकांचा तोटा जवळजवळ शून्य आणि घराचा नफा रोख. मोजून बघितलं. खुर्चीतला आलेख फारसा बदलला नाही, दाराशी लावलेल्या माइकवर मात्र ५७चं टेकाड निम्म्याहून खाली आलं.

फक्त रेकॉर्ड प्लेयर सबच्या डोक्यावर ठेवता येत नाही. सब हलवतो, प्लेयरची सुई ते हलणं वाचते, ॲम्प ते पुन्हा सबला देतो, आणि आवाज वाढवला की हे चक्र गुरगुरायला लागतं. काकांची रेकॉर्ड चालू असताना सबचा पडदा आधीही विनाकारण फडफडत होता, तो वेगळ्या कारणाने. ३३⅓ वेगाला वाकडी रेकॉर्ड सेकंदाला अर्ध्या-पाऊण वेळा वर-खाली होते, सुईचा दांडा स्वतः १० हर्ट्झच्या आसपास डोलतो. कानाला यातलं काही ऐकू येत नाही, पण सब बिचारा सगळं वाजवायला जातो. काकांच्या ॲम्पवर 'रंबल' असं लिहिलेला खटका होता, वर्षानुवर्षं न दाबलेला. तो दाबला आणि पडदा शांत झाला. प्लेयर उजव्या भिंतीवर फळी ठोकून तिथे नेला. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, म्हणून फळीचे स्क्रू शोधून शोधून काँक्रीटच्या कॉलममध्ये घातले. त्यासाठी सुतार पुढच्या शनिवारी आला.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. त्या संध्याकाळी प्लेयर तात्पुरता बाजूला टेबलावर होता, सब मध्यावर, खुर्ची मागे. डबल बास खाली उतरत गेला आणि प्रत्येक पायरीवर पाय पडत गेला. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग त्यांनी तानपुऱ्यावरची एक जुनी रेकॉर्ड काढली.

"नाही लागत," ते म्हणाले.

काकांची मूळ तक्रार खरजाची होती, बासची नाही, हे मी विसरले होते. काळी एकच्या पट्टीत तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा १३८.६ हर्ट्झवर, आणि खरज, म्हणजे सगळ्यात खालची तार, बरोबर निम्म्यावर, ६९.३. खरजाचे वरचे स्वरांश बुकशेल्फ स्पीकर व्यवस्थित देतात. त्यामुळे खरज आहे हे कळत होतं, पण तो बसत नव्हता. सतरंजी अंथरलीय आणि खाली जमीन नाही, असं काहीतरी. माझ्या हिशेबात तिरका ७०चा मोड होता, म्हणून मी आधी त्यालाच दोष दिला. चूक माझी. कारण सबचा गेन पूर्ण खाली केला, तर खरज किंचित सुधारला! सब असून नुकसान.

मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तीन मोजण्या: नुसते स्पीकर, नुसता सब, दोन्ही एकत्र. ६५ ते ७५ हर्ट्झच्या पट्ट्यात नुसते स्पीकर बरे होते, नुसता सबही बरा होता, आणि दोघं एकत्र वाजले की बेरीज दोघांपेक्षा कमी. म्हणजे एक हवा पुढे ढकलतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय.

सबच्या पाठीवर क्रॉसओव्हरचा, म्हणजे सबने किती हर्ट्झपर्यंत वाजवायचं ते ठरवणारा नॉब १२०वर होता. १२० हा आकडा सिनेमाच्या बासच्या वेगळ्या चॅनेलचा, आणि सगळे जो ८० सांगतात तो सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सने होम थिएटरसाठी रूढ केलेला. ८० लावायचं तर होम थिएटरचा रिसीव्हर मुख्य स्पीकरांना ८०च्या खालचं देणं बंद करतो आणि ते सबकडे पाठवतो. काकांचा ॲम्प जुना, स्टिरिओ. त्यात अशी वाटणी करणारं कुणी नाही. सबची तार स्पीकरच्याच जोडणीवरून घेतलेली आणि बुकशेल्फ स्पीकर आपले ५५पर्यंत पूर्ण ताकदीने वाजतायत. म्हणजे ५५ ते १२० एवढा पट्टा दोघांनी मिळून वाजवायचा, आणि त्याच पट्ट्यात काकांचा खरज, पखवाजाची डावी बाजू आणि पुरुष गायकाची छाती. दोन तबलजी एकाच गायकाला साथ करतायत आणि समेवर एकमत नाही, असा प्रकार.

क्रॉसओव्हर १२०वरून ६०च्या जरा खाली आणला. मग फेज, म्हणजे सबचं ढकलणं-ओढणं स्पीकरांच्या वेळेशी जुळवणं. ६५ हर्ट्झचा एकच सूर लावला, काकांना खुर्चीत बसवलं आणि मी सबमागे जाऊन फेजचा नॉब हळूहळू फिरवत गेले. या कामाला माइकपेक्षा काकांचा कान बरा, कारण शेवटी तिथे तोच बसणार. शून्य ते १८० अंशांच्या नॉबवर आवाज कुठे सगळ्यात क्षीण होतो ते आधी शोधलं. क्षीण जागा जोरदार जागेपेक्षा जास्त धारदार असते, पटकन सापडते. ती निघाली ३०च्या आसपास. तिथे पोलॅरिटीचा, म्हणजे ढकलण्याचं ओढणं करणारा खटका उलटा केला.

पुन्हा तानपुरा. या वेळी काकांनी काही म्हटलं नाही, फक्त डोळे मिटले आणि मांडीवर बोट ठेवलं. काकू बाहेरून आत आल्या आणि म्हणाल्या, "आता बंद केलंत का ते यंत्र?" सब चालू होता.

गेन आता घड्याळात साडेदहावर. आधीच्यापेक्षा ९ डेसिबल कमी. नॉब खाली आणत आणत सब चालू असल्याचं विसरायला होईपर्यंत न्यायचा, आणि अचानक बंद केल्यावर खोलीतून काहीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं तर तिथे थांबायचं. उंचीच्या मोडचं ६२ला थोडं टेकाड उरलं होतं. छत आणि लादी हलवता येत नाहीत, सबही लादीवरच. तेवढ्यापुरता ॲपमधल्या इक्वलायझरने ६२ला ४ डेसिबलचा अरुंद काप दिला. इक्वलायझरचं काम एवढंच.

मध्ये एक धोकादायक प्रकार सापडला, तो सांगायलाच हवा. सबच्या तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावलेला. पहिल्या दिवशी ५० हर्ट्झची घूं घूं येत होती म्हणून दुकानाच्या मुलाने अर्थिंगच काढून टाकलं होतं. घूं घूं गेली, आणि काही बिघडलं असतं तर सबच्या धातूच्या पाठीत करंट उतरायची सोय झाली. कन्व्हर्टर काढला, घूं घूं परत आली. मग एकेक वायर काढत गेले. केबलवाल्याची गच्चीवरून येणारी तार सेट टॉप बॉक्समधून काढली आणि आवाज थांबला. दोन ठिकाणांहून अर्थ मिळाला की त्या दोघांमध्ये हा आवाज फिरतो. मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालता आला असता. काका म्हणाले, "बातम्यांना सब कशाला?" आणि टीव्ही ॲम्पपासून कायमचा सुटला.

राहिल्या खालच्या वहिनी. त्यांच्याकडे मी स्वतः गेले, काकांना वर रेकॉर्ड लावायला सांगून. त्यांची खोली म्हणजे काकांच्या खोलीची प्रतिकृती. तीच लांबी, तीच रुंदी, म्हणजे तेच मोड. वर ४१ वाजला की खालची खोलीही ४१लाच हेलकावणार. आणि वहिनींच्या सासूबाईंचा पलंग कोपऱ्यात, जिथे सगळे हेलकावे सर्वांत मोठे. वर काकांना जे पंख्याखाली बसून ऐकू येत नव्हतं ते खाली आजींना उशीवर येत होतं.

"मला गाणं ऐकू आलं असतं तर मी काही बोलले नसते," आजी म्हणाल्या. "नुसतं धड् धड् येतं. चाल कळत नाही."

सबखाली रबरी पाय लावले होते. त्याने लादीतून जाणारी थरथर कमी झाली, आरसाही गप्प झाला. पण इतक्या खालच्या सुरांचा बराचसा आवाज हवेतून स्लॅबवर आदळून खाली जातो, त्याला रबर काही करत नाही. फरक पडला तो ९ डेसिबलने. कमी कंप्रतेला कान तसा बहिरा असतो. ४० हर्ट्झचा सूर ५० डेसिबलच्या आसपास पोचेपर्यंत माणसाला ऐकूच येत नाही, आणि एकदा ऐकू येऊ लागला की थोड्या वाढीनेही झपाट्याने मोठा वाटतो. म्हणून वर ९ डेसिबल उतरवले की खाली तो नुसता कमी होत नाही, बरेचदा उंबरठ्याच्या पलीकडे जातो. त्या दिवशी गेला. पखवाज मात्र थोडा येत होता. आजी म्हणाल्या, "हे चालेल. आता ठेका तरी कळतो."

कायद्याचा विषय काकांनीच काढला होता. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजतात ती ए-वेटिंगने, कानाच्या नैसर्गिक बहिरेपणाची सूट देऊन. त्या मोजमापात ५० हर्ट्झच्या आवाजातून ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे मीटरवर काका निर्दोष, आणि आजी जाग्या. मी काकांना म्हटलं, सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर हा मुद्दा मांडू नका, जिंकाल. रात्री साडेनऊनंतर सबचा स्विच बंद, स्पीकर चालू, असं ठरलं. बुकशेल्फ तेवढ्यावर छान वाजतात.

मुलाने बंगळुरूहून विचारलं, दुसरा सब पाठवू का? वाचून आला होता. एकाहून जास्त सब वापरले की वेगवेगळ्या खुर्च्यांमधला फरक कमी होतो, हे खरं आहे. हरमन या ऑडिओ कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे ते नीट मांडलं होतं, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन सब ही त्यातली एक चांगली मांडणी. पण तो उपाय चार जणांनी बसून सिनेमा बघायच्या खोलीचा. इथे खुर्ची एक. त्याला सांगितलं, त्या पैशांत बाबांना भिंतीवरचा पंखा पाठव.

त्याने तो पाठवला नाही बहुतेक. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला.

"अगं, परत गेला. काहीच ऐकू येत नाही. सब बिघडला वाटतं. थोडा वाढवू का?"

"काका, नॉबला हात लावू नका. खुर्ची कुठे आहे?"

पलीकडे थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.

"उकडतंय गं," काका म्हणाले.